दातवाला घोडा

कवळीबाईंच्या तोंडात कवळी नव्हती. अठ्ठावन्नाव्या वर्षीही त्यांचे अठ्ठावीस दात जागच्या जागी होते. अक्कलदाढा तेवढ्या कधी उगवल्याच नाहीत, आणि हे दुसऱ्या कोणी बोलून दाखवायच्या आत त्या स्वतःच सांगून मोकळ्या होत. नाव पडलं ते कामावरून. दातांच्या दवाखान्यात, आतल्या खोलीत, खिडकीला लागून त्यांचं टेबल होतं आणि त्या टेबलावर गेली एकतीस वर्षं त्या लोकांसाठी दात बसवत होत्या.

मुळात त्या आल्या होत्या पेशंटची नावं लिहून घ्यायला. पण तेव्हाचा कवळ्या करणारा माणूस एका सोमवारी जो गेला तो परत आलाच नाही. मोठे डॉक्टर डोक्याला हात लावून बसले. एका आजोबांच्या नातीचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं आणि आजोबा तोंडात बोटभर मोकळी हिरडी घेऊन बाकावर बसले होते. बाईंनी वही मिटली, आत गेल्या, गुलाबी मेण गरम केलं आणि एकेक दात लावायला घेतला. बघून बघून त्यांना ते येत होतं. आजोबांनी लग्नात पोटभर जेवून घेतलं आणि वही दुसऱ्या कोणाकडे गेली.

त्यांच्या कामाची एक खोड होती. माप डॉक्टर घेत, ते त्यांना पुरेसं नसे. त्या पेशंटकडे जुना फोटो मागत, आणि तोही तोंड मिटून काढलेला नाही, हसतानाचा. मग त्या फोटोत पुढचा एखादा दात जरा तिरपा दिसला की कवळीतही तो तेवढाच तिरपा बसवत. एका निवृत्त मुख्याध्यापकांना शुभ्र, सरळ, झळझळीत दात हवे होते. बाईंनी त्यांना खिडकीपाशी बसवून सांगितलं, असे दात लावले तर लोक आधी दात बघतील आणि तुम्ही काय बोललात ते नंतर कोणाला तरी विचारतील. मुख्याध्यापक रागावून गेले आणि आठवड्याने फोटो घेऊन आले.

आता ही खिडकी. ती मोठी होती आणि तिच्यातून दिवसभर सारखा उजेड येई, ऊन कधी येत नसे. दाताचा रंग बघायला असाच उजेड लागतो. पांढरा हा काही एक रंग नाही असं बाईंचं म्हणणं होतं. कोणाचा पांढरा दुधाकडे झुकतो, कोणाचा चहाकडे. ट्यूबलाइटखाली हे सगळे पांढरे एकसारखे मेलेले दिसतात. म्हणून रंगपट्टीवरचे नमुन्याचे दात एकेक करून पेशंटच्या ओठाशी धरायचे ते खिडकीतच. या बाबतीत त्या डॉक्टरांचंही ऐकत नसत.

त्या खिडकीत वरचेवर बसणारा एक पेशंट म्हणजे खुद्द बाईंचे यजमान. वीज खात्यात लाइनमन होते, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. निवृत्तीनंतर पहिलं काम काय केलं असेल तर उरलेले चार दात काढून टाकले आणि बायकोकडून कवळी करून घेतली. अशी कवळी बाईंनी आयुष्यात दुसरी केली नसेल. तरी पंधरा दिवसांनी एका गुरुवारी, बरोबर जेवणाच्या सुट्टीत, हे गालावर हात ठेवून दवाखान्यात हजर. कवळी सैल होते म्हणे. बाईंनी त्यांना खिडकीत बसवलं, हनुवटी धरून तोंड उजेडाकडे केलं, आत बघितलं, दोन ठिकाणी कानस फिरवली. यजमान म्हणाले, आता कसं छान. आणि पंधरा दिवसांनी परत आले.

हे सहा वर्षं चाललं होतं. गावभरच्या हिरड्यांवर बाईंच्या कवळ्या सुपारी फोडत होत्या, आणि घरातली एक काही केल्या बसत नव्हती. बाई हे कोणाला बोलून दाखवत नसत, पण ते त्यांना लागायचं. रात्री घरी परत बघते म्हटलं तर यजमान म्हणत, छे, घरी कुठे दिसतंय तुला, खिडकीतच बघ.

तर अशा त्या खिडकीवर जावईबापूंचा डोळा गेला.

जावईबापू म्हणजे मोठ्या डॉक्टरांचे जावई, स्वतःही दातांचेच डॉक्टर. आठ महिन्यांपूर्वी सासऱ्यांच्या दवाखान्यात आले. माणूस वाईट नव्हता. बोलणं मऊ, हात हलका, आणि स्वच्छता इतकी की त्यांनी हात धुतल्यावर साबणालाही अंघोळ घातल्यासारखं वाटे. पेशंटच्या दाढेला राईएवढं किटण राहिलं तरी ते खुर्ची सोडू देत नसत. त्यांनी एक मशीन आणायचं ठरवलं होतं. तोंडात कॅमेरा फिरवायचा आणि मशीनने ठोकळ्यातून दात कोरून काढायचा. मशीनमधून भुकटी उडते, ती बाहेर सोडायला जाड पाइप लागतो, आणि पाइप सोडायला खिडकी लागते. खिडकीला फळी ठोकायची, फळीला भोक पाडायचं आणि बाईंचं टेबल मागे हलवायचं, प्लास्टरच्या पोत्यांच्या खोलीत. तिथे खिडकी नव्हती. जावईबापू म्हणाले, दोन ट्यूब लावून देतो, अगदी दिवसासारखा उजेड पडेल. बाई म्हणाल्या, मग मशीनच ठेवा ना तिथे, त्याला कुठे रंग बघायचाय. एकदा बोलणं सुरू झालं ते दोन दिवस थांबेना.

मोठ्या डॉक्टरांची पंचाईत झाली. एकीकडे जावई, दुसरीकडे एकतीस वर्षं. त्यातून भांडण म्हटलं की त्यांना धाप लागे. म्हणूनच या दवाखान्यात फार पूर्वीपासून एक पद्धत होती. दोघांचं पटेना झालं की कापसाच्या कपाटातून बुद्धिबळाचा पट काढायचा. जेवणाच्या सुट्टीत एक डाव, हरेल त्याने मुकाट ऐकायचं, आणि नंतर कुरकुर करायची नाही. आधी रजेवर कोण जाणार, पंखा कोणाच्या बाजूला फिरणार, बाहेरच्या खोलीचे पडदे हिरवे की निळे, सगळं या पटावर ठरलेलं. पडदे निळे होते, कारण त्या दिवशी डॉक्टरांचा वजीर बाईंनी खाल्ला होता.

पटाचा एक घरचा नियमही होता. प्यादं पार शेवटच्या रांगेला पोचलं की बाहेरचे लोक त्याचा वजीर करतात. डॉक्टरांना त्यांच्या वडिलांनी वेगळं शिकवलेलं. प्यादं ज्याच्या घरात पोचेल, तेच त्याने व्हायचं. हत्तीच्या घरात पोचलं तर हत्ती, घोड्याच्या घरात पोचलं तर घोडा. जावईबापूंनी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते विनोद समजून हसले होते.

आणि ते दुसऱ्यांदा हसले होते घोडा बघून. पांढऱ्यातला एक घोडा कधीचाच हरवला होता. त्याच्या जागी बाईंनी प्लास्टरचा घोडा केला. आता बाईंनी उभ्या जन्मात घोडा जवळून कधी पाहिला नव्हता, त्यामुळे मान, आयाळ, कान सगळं अंदाजपंचे. पण दात मात्र त्यांच्या हातचे. त्यांनी घोड्याचं तोंड उघडं ठेवून गुलाबी हिरडीत आठ बारीक दात बसवले होते, त्यातला एक तिरपा. घोडा कायम हसत असे. पटावर काहीही होवो, त्याचं सगळं मजेत चाललेलं.

डाव गुरुवारी ठरला. जावईबापू कॉलेजच्या संघातून खेळलेले, आठ महिन्यांत सासऱ्यांना त्यांनी नऊ वेळा हरवलं होतं. बाई मोठ्या डॉक्टरांशी तीन डाव खेळल्या तर दोन हरत. म्हणजे डाव कसा होणार ते सगळ्यांना ठाऊक होतं. बाईंनाही होतं. सकाळीच त्यांनी आपल्या टेबलाचे खण रिकामे करून ठेवले, रंगपट्टी फडक्यात गुंडाळली, आणि मग स्वतःचाच राग येऊन ती परत बाहेर काढली.

एक वाजता पट मांडला गेला. बघायला मोठे डॉक्टर आणि एक पोस्टमन. त्या पोस्टमनची दाढ काढायची होती, अर्धं तोंड बधिर केलेलं होतं, पण डाव संपल्याशिवाय मी खुर्चीत बसणार नाही हे त्याने उरलेल्या अर्ध्या तोंडाने सांगितलं. एवढ्यात दार ढकलून यजमान आले, गालावर हात ठेवून.

“सैल झालीय गं,” ते म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे अशी नजर टाकली की ते गुपचूप पोस्टमनच्या शेजारी जाऊन बसले.

डावाचं वर्णन लांबवण्यात अर्थ नाही, कारण बाईंनी तो लांबवलाच नाही. आठव्या चालीला दातवाला घोडा गेला. जावईबापूंनी तो उचलून आपल्या कोपराशी ठेवला, तोंड बाईंकडे करून, आणि तो तिथून बाईंकडे बघून हसत राहिला. मग दुसरा घोडा गेला. मग एका हत्तीवर दुसरा हत्ती गेला. बाईंनी वजीर वाचवायला हात घातला तेव्हा वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं. पाऊण तासाने त्यांच्याकडे शिल्लक होते कोपऱ्यात अडकलेला राजा, एक उंट आणि दोन प्यादी. जावईबापूंकडे वजीर, हत्ती आणि राजाच्या अंगाशी उभी असलेली दोन प्यादी.

यजमानांना बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांनी डॉक्टरांच्या कानाशी लागून विचारलं, कोण पुढे आहे. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. यजमानांना त्यावरून कळलं. ते उठले आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. बाईंना ते दिसलं, आणि त्यांना वाटलं, आता हे म्हणतील की ट्यूबलाइटही काही वाईट नसते. यजमान मात्र खिडकीच्या कठड्यावर हात फिरवत राहिले. आपली जागा जाणार म्हणून आपल्याआधी हा माणूस हिरमुसला म्हणून बाईंना भरून आलं, आणि पटावरचं क्षणभर पुसट झालं.

जावईबापूंना त्या वेळी वजीर फक्त दोनदा हलवायचा होता. पहिल्या चालीत शह, दुसऱ्यात मात. डॉक्टरांना ते दिसत होतं, बाईंना दिसत होतं, जावईबापूंना तर दिसतच होतं. पण बाईंच्या दोन प्याद्यांपैकी एक पुढे सरकत सरकत थेट त्यांच्या राजाच्या कुशीत येऊन उभं होतं. शेवटची रांग एका घरावर. उंटाचा त्याला लांबून आधार होता म्हणून राजाला ते खाता येत नव्हतं. आणि जावईबापूंना ते खुपत होतं, दाढेला चिकटलेला कण खुपावा तसं. ते काढल्याशिवाय डाव संपवणं त्यांच्या हाताला पटेना. स्पर्धेत असते तर ते सावध झाले असते, कारण तिथे अशा प्याद्याचा वजीर होतो. इथे ते घोड्याच्या घरासमोर उभं होतं. पुढे गेलं तरी होऊन होऊन घोडाच होणार, आणि उघड्यावरचा एकटा घोडा काय दिवे लावणार.

“आधी हे काढून टाकू,” ते म्हणाले आणि त्यांनी आपला हत्ती राजाच्या शेजारच्या घरात आणून ठेवला. आता राजा आणि हत्ती दोघांचा प्याद्यावर डोळा. पुढच्या चालीला साफसफाई, मग दोन चालींत मात.

बाई पटाकडे बघत बसल्या. हरणारच आहोत तर नीट बघून हरू, अशा बेताने. कवळीत एक दात बसवताना त्या कधी नुसता तो दात बघत नसत. तो बसला की शेजारचा कुठे अडतो ते बघत. तसंच त्यांनी काळ्या राजाच्या भोवती बघितलं. राजाला पळायला घरं पाच. एकात त्याचा स्वतःचाच हत्ती, आत्ता आणलेला. दोनांत त्याचीच दोन प्यादी. चौथं घर बाईंच्या मागच्या प्याद्याच्या माऱ्यात. राहिलं पाचवं, जिथे त्यांचं पुढचं प्यादं उभं होतं. आणि ते तिथून हललं की मागून उंटाचा मारा सरळ त्याच घरावर.

त्यांनी पुन्हा मोजलं. पाच. मग बोटाने हवेत घोड्याची अडीच घरं टाकून बघितली आणि हात चटकन मांडीवर घेतला, कोणी पाहिलं तर नाही ना म्हणून.

मग त्यांनी प्यादं उचललं आणि शेवटच्या रांगेत ठेवलं.

“घोडा द्या,” त्या म्हणाल्या.

जावईबापूंना त्यांची दया आली. आठ महिने एकाच छपराखाली काम केलेलं, वयाने मोठ्या, आणि आता मागच्या खोलीत जाणार. त्यांनी मन मोठं केलं.

“बाई, हवं तर वजीर घ्या,” ते म्हणाले. “मी हरकत घेणार नाही.”

डॉक्टरांचा चष्मा पुसणारा हात थांबला. वजीर घेतला असता तर त्या घरातून राजाला शहसुद्धा बसत नव्हता, आणि पुढच्या दोन चालींत सगळं संपलं असतं.

“नको,” त्या म्हणाल्या. “या घरात घोडाच मिळतो. तो द्या, दातवाला.”

जावईबापूंनी कोपराशी हसत बसलेला घोडा उचलला आणि आपल्या हाताने त्यांच्या हातात दिला. बाईंनी तो प्याद्याच्या जागी ठेवला, तोंड राजाकडे करून.

“शह.”

जावईबापूंनी राजाकडे हात नेला आणि हात वरच राहिला. उजवीकडे गेला, परत आला. वजिराकडे गेला, वजीर बाईंच्या राजाला घेरायला पार दुसऱ्या टोकाला गेलेला, तिथून घोड्यापर्यंत त्याची एकही वाट पोचत नव्हती. हत्ती तर घोड्याच्या इतका जवळ होता की श्वास लागावा, पण हत्तीला तिरपं जाता येत नाही. मध्ये काही घालावं तर घोड्याच्या मध्ये काही घालता येत नाही. ते पाचही घरं दोनदा फिरून आले. शेवटी राजा त्यांनी हळूच आडवा केला.

पहिला आवाज पोस्टमनने काढला. काय म्हणाला ते कळलं नाही, पण आनंदाचं होतं.

“काय झालं?” यजमानांनी खिडकीतून विचारलं.

“मात,” डॉक्टर म्हणाले.

“कोणावर?”

“जावयावर.”

यजमान हसले. हसले म्हणजे आधी खो खो हसले, मग खिडकीच्या कठड्याला धरून हसले, मग डोळे पुसत, गुडघ्यावर थापा मारत, तोंडाचा पार आ करून हसले. जावईबापूंनी थोडा वेळ मान खाली घातली होती, पण तो हसरा घोडा आणि ते हसरे गृहस्थ दोन्हीकडून एकदम अंगावर आल्यावर त्यांनाही आवरेना.

“तुम्हाला हे केव्हापासून दिसत होतं?” त्यांनी बाईंना विचारलं.

बाईंना खोटं बोलता आलं असतं, आणि त्याने त्यांची पत वाढली असती. पण त्यांनी सांगून टाकलं की तुम्ही हत्ती शेजारी आणलात तेव्हा दिसलं, त्याआधी मी खण रिकामे करून बसले होते. जावईबापू हत्तीकडे बराच वेळ बघत राहिले. मग मशीनचं काय, असं त्यांनी विचारलंच नाही. सासऱ्यांकडे नुसतं पाहिलं. डॉक्टरांनी सुस्कारा सोडला. त्यांच्या केबिनला एक खिडकी होती आणि तिच्याखाली त्यांची दुपारची डुलकीची खुर्ची होती. पाइप तिथून काढा म्हणाले. भांडण नको म्हणून या माणसाने आयुष्यात पुष्कळ काही सोडलं होतं, त्यात आज झोपेची भर पडली.

पोस्टमनला घेऊन दोघे डॉक्टर बाहेरच्या खोलीत गेले. बाईंनी पट कपाटात ठेवला, घोडा तेवढा आपल्या टेबलावर ठेवून घेतला, आणि वळून बघतात तर यजमान खिडकीतल्या खुर्चीवर जाऊन बसलेले, गालावर पुन्हा हात.

बाई त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

“हलली नाही,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“कवळी. एवढे गदागदा हसलात, तोंडाचा आ केलात, मी इथून बघत होते. जराही हलली नाही.”

यजमानांनी गालावरचा हात खाली घेतला. चोरी पकडल्यावर माणूस जसा एकदम चांगला वागायला लागतो तसे ते सरळ बसले.

बाईंनी मनात हिशेब केला. सहा वर्षं, महिन्यातून दोन गुरुवार. इतक्या वेळा आपण कानस फिरवली आणि इतक्या वेळा रात्री अंथरुणावर पडून विचार केला की कुठे चुकलं, मापात की मेणात. त्यांना सपाटून राग आला. आणि त्या रागाच्या बुडाशी असा काही हलकेपणा वाटला की तो राग नीट धरून ठेवता येईना. कवळी चुकली नव्हती. कधीच चुकली नव्हती.

“कशासाठी हे सगळं?” त्यांनी विचारलं.

यजमान खिडकीबाहेर बघत म्हणाले, “घरी तुला वेळ असतो का माझ्या तोंडाकडे बघायला? इथे हनुवटी धरून बघतेस.” मग जरा थांबून म्हणाले, “खिडकी गेली असती तर मी कुठे बसलो असतो?”

बाहेरून दाढ निघाल्याचा आणि पोस्टमनचा असे दोन्ही आवाज एकदमच आले. बाईंनी सवयीने कानस उचलली, तिच्याकडे बघितलं आणि ती घोड्याशेजारी परत ठेवून दिली. मग खुर्ची ओढून समोर बसल्या, यजमानांची हनुवटी दोन बोटांत धरली आणि चेहरा उजेडाकडे वळवला.

“आ करू?” यजमानांनी विचारलं.

“नको,” बाई म्हणाल्या. “मिटा तोंड आणि गप्प बसा. बघू दे.”

जेवणाची सुट्टी संपायला अजून दहा मिनिटं होती.